सक्रिय निरीक्षणाआधी एमआरआयमधील डागाची पुन्हा बायोप्सी करावी का? (प्रोस्टेट कर्करोग, ठाणे)

नमस्कार. माझे वडील ६८ वर्षांचे असून आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. रक्ततपासणीत त्यांचा पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन) ६.८ आला. त्यानंतर गुदमार्गातून सोनोग्राफीच्या आधारे केलेल्या बायोप्सीत बारापैकी दोन तुकड्यांमध्ये कर्करोग आढळला. ग्लीसन ३+३, म्हणजे सर्वांत सौम्य श्रेणी. बाकी प्रकृती उत्तम आहे. रोज सकाळी ते मासुंदा तलावाला फेरी मारून येतात.

ठाण्यातील सर्जननी शस्त्रक्रिया सुचवली आहे. वाशीतील दुसऱ्या डॉक्टरांचे मत असे की, एवढ्या सौम्य आजारासाठी लघवीवरचा ताबा जाण्याचा धोका आताच पत्करू नये, सक्रिय निरीक्षण, म्हणजे लगेच उपचार न करता नियमित तपासण्यांनी आजारावर लक्ष ठेवणे, पुरेसे ठरेल. मात्र त्याआधी एमआरआय करून घ्यावा. मला हे पटले, कारण ब्रिटनमधील प्रोटेक्ट अभ्यासात १५ वर्षांनंतरही शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि देखरेख या तिन्ही गटांत प्रोस्टेट कर्करोगाने दगावलेल्यांचे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपासच होते. तरीही देखरेखीच्या गटात आजार शरीरात इतरत्र पसरण्याचे प्रमाण जवळपास दुप्पट होते, आणि तेथे रुग्ण निवडताना एमआरआयचा आधार घेतलेला नव्हता. माझी काळजी नेमकी याच निवडीची आहे.

बायोप्सीमुळे ग्रंथीत साकळलेले रक्त चित्रात घोटाळा करते, म्हणून काही आठवडे थांबून एमआरआय केला. अहवालात ग्रंथीचे आकारमान ५२ घन सेंटिमीटर आहे, म्हणजे पीएसएची घनता (पीएसए भागिले आकारमान) ०.१३ येते, ही ०.१५ या नेहमीच्या मर्यादेच्या आत असल्याने थोडा धीर आला. परंतु त्याखालीच लिहिले आहे: ‘अँटीरियर ट्रान्झिशन झोनमध्ये डाव्या बाजूस ११ मिमीचा डाग, पायरॅड्स ४, आवरणाबाहेर प्रसार नाही.’ म्हणजे डाग ग्रंथीच्या पुढच्या भागात आहे; पायरॅड्स हे एमआरआयवरून महत्त्वाच्या कर्करोगाची शक्यता सांगणारे १ ते ५ असे गुणांकन. कर्करोग आढळलेले दोन्ही तुकडे मात्र उजव्या बाजूचे, मागच्या भागातले आहेत. गुदमार्गातून जाणारी सुई मागून शिरत असल्याने ग्रंथीचा पुढचा भाग तिच्या टप्प्यातून निसटू शकतो, हे लक्षात घेता या डागाला सुई लागलीच नसावी, असे मला वाटते.

पायरॅड्स ४ म्हणजे आक्रमक कर्करोगच, असे नाही, हे मी जाणतो. २०१७ च्या प्रोमिस अभ्यासात एमआरआयने महत्त्वाचे कर्करोग ९३ टक्के वेळा पकडले, तर नेहमीच्या बायोप्सीने ४८ टक्केच. पण एमआरआयची विशिष्टता अवघी ४१ टक्के होती, म्हणजे खोट्या इशाऱ्यांचे प्रमाणही बरेच होते. त्यामुळे या डागाच्या भीतीने थेट शस्त्रक्रियेला होकार देणे मला जितके चुकीचे वाटते, तितकेच तो न तपासता निरीक्षण सुरू करणेही वाटते.

ज्यांच्या घरी असा प्रसंग आला आहे, किंवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांनी कृपया सांगावे: अशा वेळी एमआरआयची चित्रे सोनोग्राफीवर जुळवून फ्यूजन बायोप्सी लगेच करतात, की सहा महिने पीएसए पाहून ठरवतात? डाग पुढच्या भागात असताना गुदमार्गाऐवजी पेरिनियममधून (अंडकोश आणि गुदद्वार यांमधल्या त्वचेतून) सुई घालणे अधिक योग्य ठरते का, आणि तशी बायोप्सी ठाणे किंवा नवी मुंबईत नियमितपणे होते का? जुन्या बायोप्सीच्या स्लाइड्स टाटा मेमोरियलच्या खारघरमधील कर्करोग केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये दुसऱ्या मतासाठी द्यायच्या असल्यास सोबत मेणातले ब्लॉकही (ज्यांत बायोप्सीचे तुकडे जपलेले असतात) न्यावे लागतात का, हेही कळवावे.