एक फाइल अर्धी सोडून दुसरी धरावी लागते, तेव्हा आधी काय ठरवून ठेवता?

खानापूरकरीण
नमस्कार. मी बेळगावात टिळकवाडीत एका कर सल्लागारांच्या ऑफिसात काम करते, खानापूरहून रोज येऊन-जाऊन. आमचे क्लायंट म्हणजे उद्यमबागेतले मशीन शॉपवाले, शहापूर-वडगावचे साडीवाले, निपाणीकडचे तंबाखू व्यापारी. महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस (कापून घेतलेला कर) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, २० ला ३बी म्हणजे जीएसटी भरायचं विवरणपत्र. या तारखा वर्षभर आधीपासून ठाऊक असतात, त्यामुळे "कॅलेंडर लावा, यादी करा" हे कृपया सांगू नका. यादी मी सकाळी बसमध्येच करते.

अडतं ते पुढे. १४ तारखेनंतर २बी येतं, म्हणजे विकणाऱ्यांनी जीएसटी पोर्टलवर चढवलेल्या बिलांची यादी, मी एकाची खरेदीची बिलं त्याच्याशी जुळवत असते. तेवढ्यात फोन: "मॅडम, गाडी लोड होऊन उभी आहे, ई-वे बिल करा." (गाडीतल्या मालाबरोबर लागणारा ऑनलाइन कागद.) तो ठेवला की कन्नडमध्ये दुसरा. परत फाइलवर आले की कुठल्या बिलापर्यंत आले होते, तो फरक राउंडिंगचा होता की बिलच चढवलेलं नव्हतं, सगळं पुन्हा बघायचं. आणि ई-वे बिल करताना डोकं फाइलीतच अडकलेलं, गाडी नंबर दोनदा तपासावा लागतो. अशा वेळी तुम्ही आधीपासून काय तयारी ठेवता?

उद्यमबाग_सेटर
ताई, तुमची सकाळची यादी काम सुरू करायची आहे. काम सोडायची तयारी त्यात नाही, तिथं अडतंय बघा.

मी सीएनसीवर सेटर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर जॉब लावून देणारा. तीन-चार मशीन माझ्याकडं, प्रत्येकावर वेगळा जॉब. एका मशीनवर सेटिंग चालू असताना दुसरीकडून हाक येतेच, ती काय बंद होणार नाही. आमच्यात रीत अशी: चालू पास, म्हणजे हत्याराची एक फेरी, पुरा झाल्याशिवाय हलायचं नाही, आणि हलायच्या आधी जॉब कार्डावर एक ओळ लिहायची. "बोअर रफ झालं, फिनिश बाकी, इन्सर्ट नवीन, पहिला पीस मोजणे." म्हणजे भोक ढोबळ कापून झालं, शेवटचा हात बाकी, कापायचं टोक नवीन. यातलं शेवटचं मोलाचं. काय झालंय ते जॉबकडं बघून पण कळतं की, पण परत आल्यावर हात पहिला कुठं घालायचा ते जॉब सांगत नाही. ही ओळ नसली तर दुसऱ्या पाळीचा माणूस शिव्या घालतो. तुमच्या टेबलावर दुसऱ्या पाळीचा माणूस तुम्हीच.

माझी पोरगी एमबीए करत्या, ती म्हणाली यावर अभ्यास झालाय. मग तिच्याकडून समजून घेतलं. सोफी लरॉय म्हणून प्राध्यापिका आहेत, त्यांनी २००९ साली दाखवलं की माणूस पुढच्या कामाला लागला तरी लक्षाचा काही भाग मागच्या अर्धवट कामाला चिकटून राहतो. पुढं २०१८ मध्ये टेरेसा ग्लॉम यांच्याबरोबर त्यांनी प्रयोग केले. काम सोडताना आपण कुठवर आलो आणि परत आल्यावर काय करायचं, हे ज्यांनी थोडक्यात लिहून ठेवलं, त्यांचं मधे आलेल्या कामातच लक्ष जास्त लागलं. मला वाटायचं ती ओळ नुसती परत येताना उपयोगी. म्हणजे तुमचा गाडी नंबर सुधारायचा असेल तर खरेदीच्या फाइलवर आधी ओळ लिहा!

चिकोडी_मास्तर
सेटरसाहेबांचं पटलं, पण फोन वाजत असताना "आता ओळ लिहू का नको" हा विचार कोण करणार? तो आधीच करून ठेवायचा. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ च्या लेखात हेच मांडलंय: नुसतं "लक्ष देईन" म्हणण्यापेक्षा "अमुक झालं तर मी तमुक करेन" असं ठरवलेलं जास्त तडीस जातं. तुमच्यापुरतं: "फोन वाजला, तर उचलायच्या आधी बिल नंबर लिहीन." शाळेत मी पेपर तपासताना असंच करतो. कोणी दारात आलं तर हातातला प्रश्न पूर्ण, मग मान वर.

एक मात्र सांगतो, १९-२० तारखेला असलं काही पुरं पडायचं नाही. त्या दिवशी फोन दुसऱ्या कुणाकडं तरी द्यायला सरांना सांगा. एक माणूस दोन्ही करणार ही अपेक्षाच चूक आहे, त्याला युक्त्या लावून काय उपयोग?

खानापूरकरीण
दोघांचे आभार. २० तारखेचं मास्तरांनी अगदी बरोबर सांगितलं, पण ऑफिसात आम्ही दोघीच आहोत, आणि दुसरी नवीन आहे. सेटरदादा, दोन शंका. सरांनी आतून हाक मारली तर त्यांना थांबा कसं म्हणायचं? आणि ओळ लिहायची कुठं, डायरीत?

उद्यमबाग_सेटर
डायरीत नको. डायरी शोधा, पान काढा, तोवर विसरलं. आमचं कार्ड जॉबच्या अंगालाच असतंय. तुम्ही एक्सेलमध्ये जुळवत असणार, तर ज्या बिलावर थांबलाय त्याच रांगेत रंग भरा आणि शेजारच्या रकान्यात लिहा: "इथपर्यंत बघितलं, पुढं पार्टीला बिल विचारणे." परत आल्यावर तो रंग काढून टाकायचा, नाहीतर आठवड्यात सगळी शीट पिवळी दिसेल आणि खरी खूण कुठली ते कळणार नाही.

सरांचं म्हणाल तर "आलेच सर" म्हणत लिहायचं, उठायचं. चार शब्दांना किती वेळ लागतोय ओ? आमचे मालक पास पुरा होईपर्यंत मशीनजवळ उभे राहतात, कारण मधेच सोडलं तर कास्टिंग भंगारात जातं हे त्यांना दिसतं. तुमच्या सरांना काही दिसत नाही, म्हणून त्यांना एकदा तोंडानं सांगायला लागेल. तारखेच्या गडबडीत नको, महिनाअखेरीला जरा निवांत असतील तेव्हा सांगा. आणि त्या नवीन पोरीला पण पहिल्यापासून हीच सवय लावा, म्हणजे तुम्ही रजेवर असला तर ती तुमचीच फाइल पुढं चालवेल.