कुत्र्याचा पट्टा धुताना फिनाइल नको
कुणीतरी कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा फिनाइलच्या पाण्यात बुडवून ठेवायला सांगितलंय, ते कृपया करू नका. पट्टा दिवसभर गळ्यावर असतो. त्यात मुरलेलं फिनाइल कातडीला झोंबतं आणि चाटलं तर पोटात जातं. वास घालवायला टी ट्री ऑइलही नको, कुत्र्यांना ते विषारी आहे.

नायलॉनचा पट्टा किंवा लीश (पट्ट्याला हुकाने अडकवायची दोरी) असेल तर कोमट पाणी आणि कुत्र्याचाच शाम्पू पुरे. अर्धा तास भिजवा, जुन्या टूथब्रशने शिवणीच्या घडीत घासा (खरा वास तिथेच दडलेला असतो) आणि फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळा. ब्लीचने नायलॉनचे धागे कमजोर होतात. मशीनमध्ये टाकायचाच तर उशीच्या अभ्र्यात बांधून टाका, नाहीतर हूक ड्रमवर आपटत राहतो.

चामडं मात्र भिजवायचं नाही. ओलसर फडक्याने पुसून सावलीत वाळवा, उन्हात ते कडक होऊन तडकतं. मुंबईच्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरतेच, म्हणून मी तेवढे महिने सरळ नायलॉन वापरते.

समुद्रावरून आल्यावर हूक गोड्या पाण्याने धुवाच. खाऱ्या पाण्याने आतली स्प्रिंग गंजते आणि हूक अर्धवट मिटतो. असा हूक दुरुस्त करत बसू नका, रस्त्यावर कुत्रा सुटला तर काय घ्या! लीशच बदला.

गोचिडांसाठीचा औषधी पट्टा असेल तर यातलं काही लागू नाही, त्याच्या पाकिटावरच्या सूचना पाळा.