मदत हवी आहे: पहिल्या महायुद्धावरचा जाडजूड ग्रंथ नीट कसा वाचावा?

मंडळी,

पहिल्या महायुद्धाचा समग्र इतिहास सांगणारं एक इंग्रजी पुस्तक सध्या वाचतेय. आठशेच्या आसपास पानं, बारीक टाइप. ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलला बसायला मिळतं, त्यामुळे सीएसएमटीपर्यंत रोज चांगलं वाचन होतं. म्हणजे अडचण वेळेची नाही. वाचलेलं एकमेकांशी जोडून डोक्यात कसं ठेवायचं, तिथे अडलंय.

सुरुवात फार आवडली. २८ जून १९१४ ला साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून, २३ जुलैला ऑस्ट्रियाचा सर्बियाला ४८ तासांचा निर्वाणीचा खलिता, आणि ४ ऑगस्टपर्यंत ब्रिटनसुद्धा युद्धात. इतक्या भराभर हे कसं घडलं, ते मला रेल्वेमुळे कळलं. रशियाची जमवाजमव पुरी व्हायच्या आत बेल्जियममधून जाऊन फ्रान्सला लोळवायचं, अशी जर्मनीची योजना, आणि ती सगळी गाड्यांच्या वेळापत्रकावर बेतलेली. १ ऑगस्टला कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, सैन्य फक्त पूर्वेकडे वळवायला सांगितलं, तर सेनाप्रमुख मोल्टकेने ते अशक्य असल्याचं सांगून टाकलं. कुर्ल्याला एक गाडी रखडली की कल्याणपर्यंत काय होतं हे आपण बघतो. इथे तर लाखो माणसं, घोडे आणि तोफा होत्या.

पण १९१५ सुरू झालं आणि सूत्र हातातून निसटलं. लेखक वर्षावार जातो. बेल्जियममधलं ईप्र, मग तुर्कस्तानातलं गॅलिपोली, मग पोलंड, मग इटली. परत फ्रान्सवर येईपर्यंत कोण कुठे होतं ते मागे जाऊन बघावं लागतं. नकाशे सगळे पुस्तकाच्या सुरुवातीला, आणि इतके लहान की नदी कुठली आणि रेल्वेमार्ग कुठला ते ओळखू येत नाही. एक बोट कायम नकाशाच्या पानात अडकवलेलं असतं.

मला मुळात समजून घ्यायचंय ते मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. साताऱ्याकडच्या आमच्या गावी चावडीच्या भिंतीत एक पाटी आहे. १९१४ ते १९ च्या युद्धात गावातून किती जण गेले आणि किती जण मेले, एवढंच तिच्यावर कोरलंय. नावं नाहीत. माझ्या आजोबांचे चुलते त्या मेलेल्यांत आहेत. ‘बसऱ्याला गेले ते गेलेच’, यापलीकडे घरात कुणालाच काही माहीत नाही.

पुस्तकात या आघाडीला जेमतेम वीसेक पानं दिलीत. ऑक्टोबर १९१४ मध्ये, तुर्कस्तानशी युद्ध सुरू व्हायच्या आधीच, मुंबई बंदरातून हिंदी फौजेची पहिली तुकडी इराणच्या आखाताकडे निघाली. इराणमधल्या अबादानचा तेलाचा कारखाना राखणं हा एक हेतू. नोव्हेंबरात बसरा हाती आलं. तिथे थांबता आलं असतं, पण तैग्रिसच्या काठाने वर सरकत जनरल टाउनशेंडची सहावी (पूना) डिव्हिजन वर्षभराने बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला भिडली. तिथे ४,००० हून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. उरलेले मागे हटले आणि कूटला नदीच्या वळणात अडकले. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी त्यांत होत्या. १४७ दिवस तुर्कांचा वेढा. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापले गेले. बऱ्याच हिंदी शिपायांनी धर्मापायी ते मांस कितीतरी दिवस शिवलं नाही आणि अंगातली ताकद जात राहिली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० जण शरण गेले. कैद्यांना वाळवंटातून पायी नेलं, त्यात हजारो मेले.

लेखक सगळा दोष टाउनशेंडवर टाकून मोकळा होतो. मला ते पटत नाही. नदीवर पुरेशा बोटी नाहीत, जखमींसाठी डॉक्टर-औषधं नाहीत, तरी फौज पुढे ढकलली कुणी? १९१७ च्या चौकशी आयोगाने हिंदुस्थान सरकारवरही ठपका ठेवला होता आणि भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला होता. त्याचा इथे ओझरता उल्लेख आहे.

तर जाणकारांनी कृपया सांगावं. असं पुस्तक क्रमाने वाचावं, की एकेक आघाडी धरून पानं उलटसुलट वाचली तरी चालतात? मला दुसरा मार्ग बरा वाटतोय, पण पश्चिम आघाडीवर तोफगोळे आणि माणसं कमी पडत होती, त्याचा कूटवर काय परिणाम झाला, हे त्यात निसटेल अशी भीती वाटते. तुम्ही टिपणं कशी काढता? तैग्रिसचा पट्टा मोठा दाखवणारा नकाशा कुठे मिळेल? मराठीत या आघाडीवर कुणी सविस्तर लिहिलंय का?

आणखी एक. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात किंवा एशियाटिक सोसायटीत कुणी त्या काळातल्या पलटणींची कागदपत्रं पाहिली आहेत का? माझ्याकडे फक्त आडनाव, गाव आणि तालुका आहे, पलटण माहीत नाही. एवढ्यावर शोध घेता येतो का, आणि सुरुवात कुठून करायची?