लुळी, लंगडी, मोडकी पिल्लं: तुमच्याकडची सांगा

बोरीकाठची
आज भाचीच्या बाळाला तेल लावताना बघितलं आणि भरीत आठवला. आमचा कुत्रा. अमळनेर स्टेशनबाहेर रिक्षाने उडवलेलं दीड महिन्याचं पिल्लू, मागचे दोन्ही पाय लुळे. भाऊ म्हणाला, "याचं तर भरीतच झालंय." तेच नाव पडलं.

एक्स-रेत हाड शाबूत निघालं, मार कण्याला होता. डॉक्टरांनी बोटाला चिमटा घेतला तर केकाटला. म्हणाले, ओरडतोय ना, मग आशा आहे, चोळा.

आई कुत्र्याला ओट्यावरही चढू देत नसे. चौथ्या दिवशी माझं चोळणं बघून तीच म्हणाली, "सरक, तुनाघाई व्हनार नही." दोन्ही पाय लांब करून बसली, पिल्लू आडवं घेतलं, आम्हा तिघांना घ्यायची तसंच. पंजापासून मांडीकडे, हलक्या हाताने. मग सायकल मारल्यासारखे पाय फिरवायचे. दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटं. तेल बंद केलं, चाटून जुलाब व्हायचे. जुन्या लुगड्याची पट्टी पोटाखालून घालून उभं करायचो.

22 व्या दिवशी हलली ती शेपटी. पाय नंतर. शेवटपर्यंत वाकडाच पळायचा, पण पळायचा.

केळीवाला_रावेर
नाव वाचून आधी हसलो, मग वाईट वाटलं. आमच्या बागेत एक सापडली होती, ठिबकच्या नळीत पाय गुंतून टम्म सुजलेला. आता घरात दादागिरी करते. बाकी भरीतावरून आठवलं, बामणोदची वांगी आली का बाजारात?

सुपारी_कातर
लघवीचं कोणी बोलतच नाही! आमच्याकडच्याला आपोआप होत नव्हती. पोट दाबून काढायची, दिवसातून चारदा, डॉक्टरांनी हात धरून शिकवलं. नवरा दुपारी बँकेतून त्यासाठी घरी यायचा. साहेबाला काय सांगायचा देव जाणे.

यावलची_माहेरवाशीण
@केळीवाला थंडी पडू दे की भो. कपाशीच्या काड्यांवर भाजलं तरच भरीत, गॅसवरचं मला सांगू नका.

धुळेकर७
चावला नाही? दुखऱ्या जागी हात लावला की घरचाही चावतो. मला रेबीजची पाच इंजेक्शनं. दिवस 0, 3, 7, 14, 28. लग्नाची तारीख विसरतो, ही नाही.

निंबाची_सावली
मी दुखतंय म्हणून आपली आयबुप्रोफेनची अर्धी गोळी दिली. रक्ताची उलटी झाली. गेलं. कुत्र्याला ही गोळी विष असते हे मला नंतर कळलं. एवढंच लिहिते.

सुपारी_कातर
@निंबाची_सावली अगं माय. किती जणींनी दिली असेल, लिहिलंस ते बरं केलंस.

धुळेकर७
अजून एक, फरशीवर पाय फाकतात, बारदान अंथरा. आणि कूस बदलत राहा. आम्ही आळस केला, मे महिन्यात कुल्ल्यावर जखम चिघळली. त्यात महिना गेला.

केळीवाला_रावेर
बारदान माझ्याकडून न्या. बदल्यात भरीत-पुरी.

बोरीकाठची
आईला सगळं वाचून दाखवलं. तिचं एकच म्हणणं: "बावीस नही, एकोणीसावा दिन व्हता. तवय तू नाशिकले व्हती."