अनुभव धागा : नाताळ तुम्हाला आतून कधी भिडला?

डिसेंबर लागला की केक, चांदण्या, रोषणाई यांचे फोटो सगळीकडे दिसतात. त्यात वावगं काही नाही. पण 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि त्याचा संबंध जन्माशी आहे. जन्म म्हटला की वाट बघणं आलं, धाकधूक आली. हा सण तुम्हाला आतून कधी भिडला ते मनापासून लिहा. ख्रिस्ती असाल-नसाल, दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.

वसईहून

नाताळच्या पंधरा दिवस आधी आमच्याकडे ट्रेमध्ये नाचणी पेरतात. तिची रोपं म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याभोवतीचं शेत. त्या वर्षी सप्टेंबरात माझं पाचव्या महिन्यात मूल गेलं होतं. मी कशातच नव्हते. सासूबाईंनी काही न बोलता नाचणीची वाटी हातात दिली. रोज सकाळी उठून पाणी शिंपडायचं, एवढंच माझं काम.

मरिया, योसेफ, मेंढरं मांडून झाली. गव्हाण रिकामी, कारण बाळ येशू २४ च्या मध्यरात्रीच ठेवायचा. लहानपणापासून हेच बघत आले होते. पण घरात सगळे माझ्यासमोर बाळाचा विषय टाळत होते आणि ही रिकामी गव्हाण मात्र भर दिवाणखान्यात मांडलेली. तिच्यापुढे बसून मला पहिल्यांदा मोकळं रडता आलं.

चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्सेहून, म्हणजे उपासनेहून, परतलो तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "यंदा तू ठेव गं बाळाला." मातीचं टीचभर बाळ, हाताला गार लागलं. नाचणी तोवर चार बोटं वाढली होती.

मिरजेहून

मी नर्स आहे. २४ ची रात्रपाळी मी दरवर्षी मागून घेते. बारा वाजता वॉर्डातून फिरते, कुणाचं पांघरूण सरकलं असेल तर नीट करते. माझी उपासना ती.

नगरहून

आमची मंडळी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या भजनांवर वाढलेली. पेटी-तबल्याशिवाय नाताळ झाल्यासारखा वाटतच नाही. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण बायबलमधला लूकचा दुसरा अध्याय, येशूच्या जन्माचा, तोंडपाठ. म्हणताना ती एका जागी हमखास थांबायची : "कारण त्यांना उतारशाळेत जागा नव्हती." तरुणपणी तिला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. एकदा मी विचारलं, आजी, इथंच का थांबतेस? म्हणाली, "देवालाबी कुणी आत घेतलं न्हाई, लेकरा. त्याला ठावं हाय कसं वाटतं ते."

नाताळच्या रात्री ती दोन भाकरी जास्त थापायची. दाराशी कुणीही आलं तरी "जागा नाही" म्हणायचं नाही, हा तिचा नेम होता. आता माझी सून थापते.

हेलसिंकीहून

मी ख्रिस्ती नाही. इथे २४ डिसेंबरला सव्वातीनच्या सुमारास सूर्य मावळतो आणि लोक घरच्यांना घेऊन दफनभूमीत जातात. बर्फात थडग्याथडग्यापाशी मेणबत्त्या.

बाबा गेले तेव्हा मला पोचता आलं नव्हतं. अस्थी भावाने नाशिकला गोदावरीत सोडल्या. त्या वर्षी शेजारच्या आजी मला सोबत घेऊन गेल्या. नवऱ्याच्या थडग्यावर मेणबत्ती लावून झाली, तरी त्या परत फिरेनात. मला एका दगडापाशी नेलं. ज्यांची माती दुसरीकडे आहे त्यांच्यासाठी इथल्या दफनभूमींत असं वेगळं स्मारक ठेवतात. तिथेही मेणबत्त्यांची दाटी होती.

आजींनी पिशवीतून आणखी एक मेणबत्ती काढली आणि बाबांचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांना नीट उच्चारता येईना. पुन्हा विचारलं, पुन्हा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा जमलं. मग मी काडी ओढली.