ड्रोनचा मार्ग, गस्त की फेरी?

वाटसरू : उच्चदाब वीजवाहिन्यांची ड्रोनने तपासणी कशी आखावी, यावरील एका पुस्तिकेचे भाषांतर करीत आहे. तारा ज्या पट्ट्यातून जातात तो मार्ग आणि ड्रोन उडतो तोही मार्गच, त्यामुळे एकाच वाक्यात दोन मार्ग येऊन अर्थ निसटतो. ड्रोनसाठी वेगळा शब्द सुचवावा.

पारेषणकर्मी : तारांखालून चालत पाहणी करतो त्याला आम्ही पेट्रोलिंग म्हणतो, कागदोपत्री 'गस्त' लिहितात. तोच शब्द चालावा.

लेखणी : 'गस्त' मूळचा फारसी, आणि त्यात चोराचिलटांवरील पहारा डोकावतो. बॅटरी संपण्याआधी ड्रोनला निघाल्या जागी परतावे लागते, म्हणून 'फेरी' हा अस्सल मराठी शब्द असताना उसनवारी कशाला?

पारेषणकर्मी : फारसी म्हणून 'गस्त' टाकायची, तर 'जमीन'ही टाकावी लागेल. दुहेरी वाहिनीच्या मनोऱ्याला दोन्ही अंगांनी तीन-तीन फेजच्या तारा असतात. जाताना एक अंग व येताना दुसरे पाहिले, तर ती खरी फेरी. परंतु घाटात पुष्कळदा गाडी पुढे नेऊन ड्रोन दुसऱ्याच मनोऱ्यापाशी उतरवणे सोयीचे असते. अशा उड्डाणाला फेरी कशी म्हणावी?

गणितप्रेमी : आधी काय तपासायचे ते ठरवावे. केवळ मनोऱ्यांवरील इन्सुलेटरांची (तारा धरणाऱ्या वीजरोधकांची) छायाचित्रे हवी असतील, तर कमीत कमी अंतरात सर्व बिंदूंना भेट देणाऱ्या फिरत्या विक्रेत्याचे कोडे सुटायला हवे. दोन मनोऱ्यांमधील प्रत्येक गाळ्यातील तार, तिचा झोळ आणि खालची झाडे पाहायची असतील, तर ते टपालवाल्याचे कोडे होते : प्रत्येक रस्ता एकदा तरी तुडवायचा, पण पुन्हा तुडवणे कमीत कमी. या कोड्याचे मूळ गणितज्ञ ऑयलरने 1736 मध्ये उकललेल्या कोनिग्जबर्ग शहरातील सात पुलांच्या प्रश्नात आहे : प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल पार करता येतील का? ज्या ठिकाणी विषम संख्येने वाहिन्या मिळतात, तेथेच दुबार उड्डाण कपाळी येते. त्या दुबार उड्डाणाला मी 'भाकड उड्डाण' म्हणेन.

लेखणी : भाकड गाय पुन्हा दुभती होते, हे उड्डाण कधीच दूध देणार नाही. मालमोटारवाल्यांचा 'रिकामी खेप' घ्यावा. 'खेप' संस्कृत 'क्षेप'वरून आलेला मानतात.

पारेषणकर्मी : 'रिकामी' म्हटले की आराखडा करणारा तिचा खर्चच धरणार नाही, ही माझी खरी भीती आहे. वारा समोरून असेल, तर न पाहता नुसते परत यायलाही बॅटरी जास्त लागते. म्हणूनच आधी वाऱ्याच्या तोंडावर जावे आणि परतताना तो पाठीशी घ्यावा.

गणितप्रेमी : मग 'भाकड'च बरा. भाकड जनावरालाही चारा घालावाच लागतो.