टी.वाय.बी.कॉम. झाल्यावर गावाकडे राहून सीए होता येतं का?

देवगडची_लेक:
नमस्कार, मी टी.वाय.बी.कॉम.ला आहे, मार्क ६० टक्क्यांच्या आसपास. बारावीनंतर फाउंडेशन (सीएची पहिली परीक्षा) दिलं नाही कारण तेव्हा घरी क्लासची फी भरण्यासारखी परिस्थितीच नव्हती. आता सीए करायचं पक्कं आहे पण ओळखीतले एक जण म्हणतात उशीर झाला, एम.कॉम. करून बँकेच्या परीक्षा दे. मामा म्हणतो डोंबिवलीला ये. बाबांची थोडी हापूसची कलमं आहेत, सीझन सरला की हातात पैसा राहत नाही, त्यामुळे मुंबईत राहून शिकणं अवघड आहे. आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण) रत्नागिरी-सिंधुदुर्गात केली तर पुढे किंमत राहते का? आणि सीए नाहीच सुटलं तर या डिग्रीवर काय करता येईल?

चिपळूण_प्रॅक्टिस:
उशीर अजिबात झालेला नाही. कॉमर्सची डिग्री ५५ टक्क्यांनी असेल तर डायरेक्ट एन्ट्रीने थेट इंटरला, म्हणजे सीएच्या दुसऱ्या टप्प्याला, नाव घालता येतं, फाउंडेशन द्यायचं नाही. आणि शेवटच्या वर्षाला असतानाच प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशन होतं, निकालानंतर मार्कशीट द्यायची, तेव्हा रिझल्टची वाट बघत बसू नकोस. रजिस्ट्रेशननंतर ८ महिने अभ्यासाचे, मग ६ पेपर, ३-३ चे २ ग्रुप. पेपरला ४० पुरतात पण ग्रुपची बेरीज ५० टक्के लागते आणि बरीच मुलं तिथेच अडकतात, सगळ्यात ४३-४४ पडतात आणि ग्रुप जातो, म्हणून प्रत्येक ग्रुपमधला एक तरी पेपर ६०च्या वर नेईन असा तयार कर.

जुन्या लोकांना विचारशील तेव्हा एक लक्षात ठेव, जुलै २०२३ पासून स्कीम बदलली. आर्टिकलशिप ३ ऐवजी २ वर्षांची झाली आणि तुमच्यासारख्या डायरेक्टवाल्यांनाही ती इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्यावरच सुरू करायची आहे. म्हणजे इंटर होईपर्यंत घरी बसून ऑनलाइन क्लास लावून अभ्यास करता येतो, मुंबईचा प्रश्न आत्ता येतच नाही.

आर्टिकलशिप मी तरी इथेच कर म्हणेन. इथे फाइल पहिल्या व्हाउचरपासून बॅलन्सशीटपर्यंत एकाच मुलाच्या हातात असते. काजू कारखान्यात स्टॉक बघायला गेलीस की कळेल, साधारण ४ किलो बीमागे १ किलो गर निघतो, मग खरेदीची बी आणि विकलेला गर यांचा मेळ बसत नसेल तर माल कुठे गेला हे तिथेच उभं राहून विचारता येतं. किंवा आंब्याचंच घे, बाबांचा स्वतःच्या कलमांचा आंबा ही शेतीची मिळकत, तिच्यावर इन्कम टॅक्स नाही, पण दुसऱ्याच्या झाडावरचं तयार पीक उक्तं विकत घेऊन वाशीला पाठवणारा व्यापारी, त्याचा नफा धंद्याचा. दोघांकडे दलालाची पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) सारखीच, त्यातून हमाली-तोलाई-आडत सारखीच कापलेली, तरी हिशेब वेगळा.

इथे शेअर बाजारात असलेल्या मोठ्या लिस्टेड कंपन्यांचं ऑडिट मिळणार नाही हे मात्र खरं. तसल्या नोकरीची इच्छा असेल तर मुंबई गाठावी लागेल. स्टायपेंडचा किमान आकडा शहराच्या लोकसंख्येवर ठरतो म्हणून इथे कमी, पण खोलीभाडं वाचतं.

मालवणी_माणूस:
गो बाय, मुंबैक जावकच होया असा काय नाय. फकस्त ऑफिस बघून घे, नायतर दोन वर्सा नुसती टॅलीत एन्ट्री करूक बसवतत.

पतसंस्था_ऑडिटर:
सीए नाही सुटलं तर काय, याचं उत्तर मी देतो कारण माझं पोट त्यावरच चालतं. आपल्या राज्याच्या सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. (सहकार आणि हिशेबाचा सरकारी डिप्लोमा) परीक्षा असते, ६ पेपर, ग्रॅज्युएट असलीस की बसता येतं. ती पास आणि ऑडिटच्या कामाचा अनुभव असला की सहकारी संस्थांच्या ऑडिटरच्या पॅनेलवर जाता येतं. आपल्याकडे पतसंस्था, विकास सोसायट्या, मच्छीमार सोसायट्या किती आहेत ते तुला माहीतच आहे, आणि प्रत्येकीचं दरवर्षी ऑडिट व्हावंच लागतं. कर्जाच्या फाइलमध्ये जामीनदाराची सही बघणं, थकबाकीची तरतूद बरोबर केलीय का बघणं, हे शिकायला वेळ लागतो पण काम मानाचं आहे, गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या ठेवी त्यावर असतात. शिवाय बी.कॉम.वर जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करून रिटर्न भरता येतात. कंपनीच्या ऑडिट रिपोर्टवर सही मात्र सीएचीच.

देवगडची_लेक:
खूप आभार सगळ्यांचे, आज बाबांना वाचून दाखवलं. एकच विचारते, इंटरचे दोन्ही ग्रुप एकदम देऊ की एकेक?

चिपळूण_प्रॅक्टिस:
नोकरी करत नसशील तर दोन्ही एकदम. एका ग्रुपमधली जास्तीची बेरीज दुसऱ्याला उपयोगी पडते, दोन्ही मिळून ५० टक्के आणि प्रत्येक पेपरला ४० असले तरी पास धरतात. आणि परीक्षा आता जानेवारी, मे, सप्टेंबर अशी वर्षातून ३ वेळा आहे. तू रजिस्ट्रेशन या महिन्यातच कर, ते ८ महिने त्या तारखेपासून मोजतात.